शब्दाची जात कीं शब्दाचें काम ?

इंग्रजी व्याकरणाचें पुस्तक उघडलें कीं पहिल्या कांहीं पानांतच आठ नांवें भेटतात : नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी हीं त्यांचीं मराठी भावंडें आपल्या आधींच ओळखीचीं असतात. त्यामुळें विद्यार्थ्यास हा भाग फार सोपा वाटतो. आठ व्याख्या तो दोन दिवसांत पाठ करितो, प्रत्येकीखालीं पांच-पांच शब्द लिहून ठेवितो, आणि आपलें काम संपलें असें समजतो. पुढें परीक्षेंत एखाद्या वाक्यांतील 'फास्ट' ह्या शब्दाखालीं रेघ ओढून त्याची जात विचारिली कीं त्याचें अवसान गळतें. त्याच्या वहींत 'फास्ट' विशेषणांच्या रकान्यांत बसविलेला असतो, आणि समोरच्या वाक्यांत तर तो विशेषणासारखा वागत नाहीं. मग अंदाजानें कांहींतरी लिहिलें जातें. ह्यांत दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं. ज्या वाटेनें त्याला नेलें ती वाटच त्या गांवाला जात नाहीं.

ह्या गोंधळाचें मूळ कांहीं अंशीं आपल्या परिभाषेंतच आहे असें मला वाटतें. मराठींत आपण 'शब्दांच्या जाती' असें म्हणतों. जात म्हटली कीं ती जन्मानें येते व मरेपर्यंत सुटत नाहीं, ही समजूत आपल्या समाजानें फार दिवस बाळगिली. माणसांच्या बाबतींत तिनें काय अनर्थ केला तें येथें सांगावयास नको. पण शब्दांच्या बाबतींतहि ती दिशाभूल करिते. इंग्रज मनुष्य 'पार्ट्स ऑफ स्पीच' म्हणतो. हा शब्दप्रयोग ग्रीकांकडून लॅटिनमध्यें व लॅटिनमधून इंग्रजींत आला, आणि त्याचा अर्थ इतकाच कीं बोललेल्या वाक्याचे भाग. भाग हा वाक्याचा असावयाचा. वाक्याबाहेर एकट्या उभ्या असलेल्या शब्दाला त्याची जात विचारणें म्हणजे पोशाख न चढवितां पडद्यामागें बसलेल्या नटाला 'तूं राजा कीं प्रधान ?' असें विचारण्यासारखें आहे.

'डाउन' हा शब्द घेऊं. मुंबईच्या लोकल गाड्यांमुळें हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसांच्याहि तोंडीं आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसकडून कल्याणकडे जाणारी ती डाउन गाडी, आणि उलट येणारी ती अप. 'द डाउन ट्रेन इज लेट' ह्या वाक्यांत 'डाउन' हा शब्द गाडी कोणती तें सांगतो, म्हणून तो विशेषण. 'सिट डाउन' म्हटलें तर तो बसण्याच्या क्रियेची दिशा दाखवितो, म्हणून क्रियाविशेषण. 'ही रॅन डाउन द हिल' ह्यांत तो 'हिल' ह्या नामाचा धांवण्याशीं संबंध जोडतो, म्हणून प्रिपोझिशन. 'ही डाउन्ड द मेडिसिन' म्हणजे त्यानें औषध एकदांच घटाघटा पिऊन टाकिलें. येथें त्याला भूतकाळाचा प्रत्यय लागला, तेव्हां तो क्रियापद झाला. 'लाइफ हॅज इट्स अप्स अँड डाउन्स' ह्यांत त्याला अनेकवचन आलें, तेव्हां तो नाम. पांच वाक्यें आणि पांच कामें. शब्द मात्र एकच. आपल्या मराठींत हीच कामें करावयाचीं तर शब्दाला कपडे बदलावे लागतात : 'खालीं बस', 'झाडाखालीं', 'खालचा मजला'. आणि क्रियापद हवें असेल तर 'खालीं' ह्या शब्दाकडून तें होतच नाहीं. दुसरा शब्द शोधावा लागतो.

इंग्रजी भाषा मुळापासून अशी नव्हती, हें पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसतें. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत नामांना आपल्यासारखेच विभक्तींचे प्रत्यय लागत. दगडाला त्या वेळीं 'स्टान' म्हणत. 'स्टानेस' म्हणजे दगडाचा, 'स्टाने' म्हणजे दगडाला, 'स्टानास' म्हणजे अनेक दगड, 'स्टाना' म्हणजे दगडांचा, 'स्टानुम' म्हणजे दगडांना. प्रेम ह्या अर्थीं 'लुफु' हें नाम होतें, आणि प्रेम करणें ह्या अर्थीं 'लुफिअन' हें क्रियापद होतें. शब्द कानीं पडतांच त्याचें काम बहुधा कळत असे, जसें आज मराठींत कळतें. पुढें बोलतांना शेवटचे स्वर अस्पष्ट होत गेले. इंग्लंडच्या उत्तरेस डेन लोक येऊन स्थायिक झाले होते, त्यांच्याशीं व्यवहार करतांना हे प्रत्यय झिजण्यास मदत झाली असें पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें, राजदरबारीं फ्रेंच भाषा आली, आणि सामान्य जनांच्या तोंडीं राहिलेल्या इंग्रजीला धरून ठेवणारें वळण सुटलें. सन १५०० च्या सुमारास पाहावें तों बहुतेक प्रत्यय गळून पडलेले. 'लुफु' आणि 'लुफिअन' ह्या दोहोंचा मिळून एकच 'लव्ह' उरला.

प्रत्यय गेले, पण त्यांचें काम कोणीं तरी करावयास हवेंच होतें. तें काम शब्दाच्या जागेकडे आलें. 'वाघानें कुत्र्याला मारलें', 'कुत्र्याला वाघानें मारलें', 'मारलें वाघानें कुत्र्याला' हीं तिन्ही वाक्यें मराठींत एकच घटना सांगतात; 'नें' आणि 'ला' हे दोन पहारेकरी कर्त्याला व कर्माला हरवूं देत नाहींत. 'द टायगर किल्ड द डॉग' ह्या वाक्यांत मात्र दोन नामांची अदलाबदल केली कीं बिचारा वाघ मरतो. इंग्रजींत जागा हाच मोठा प्रत्यय आहे. ज्याला हें एकदां पटलें त्याला 'शब्दांच्या जाती' ह्या प्रकरणाची निम्मी किल्ली मिळाली असें मी म्हणेन.

आतां पाठ केलेल्या व्याख्यांकडे वळूं. व्यक्ति, स्थळ किंवा वस्तु ह्यांचें नांव तें नाउन, आणि क्रिया दाखवितो तो व्हर्ब, असें बहुतेक पुस्तकांत असतें. ह्या व्याख्या लहान मुलांना बोट धरून नेण्यापुरत्या बऱ्या आहेत. पण 'जर्नी', 'अरायव्हल', 'डिस्ट्रक्शन' हे शब्द क्रियाच दाखवितात आणि तरीहि ते नाम आहेत. उलट 'बिलाँग', 'रिझेंबल', 'नो' हे व्हर्ब आहेत, पण त्यांत कोणी कांहीं करीत असल्याचें दिसत नाहीं. आपल्या मराठी व्याकरणकारांनीं क्रियापदाच्या व्याख्येंत 'वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा' असे शब्द घातले आहेत, ते फार मोलाचे आहेत. त्यांत अर्थाबरोबर कामाकडेहि बोट दाखविलें आहे.

अर्थ मुळींच ठाऊक नसतां शब्दाचें काम ओळखतां येतें काय ? येतें. गंमत म्हणून मी एक निरर्थक वाक्य रचितों : 'द ग्लोनी पिंडर्स आर ट्राफिंग प्लेस्टली इन द मूझ.' ह्यांतील पांच शब्द विद्यार्थ्याच्या ओळखीचे नसणार. तरी 'पिंडर्स' हें अनेकवचनी नाम, 'ग्लोनी' हें त्याचें विशेषण, 'ट्राफिंग' हें क्रियापद, 'प्लेस्टली' हें क्रियाविशेषण आणि 'मूझ' हें पुनः नाम, हें सातवीतला मुलगाहि सांगेल. पिंडर्स म्हणजे पक्षी कीं भांडीं, हें त्याला कळावयाची गरज पडली नाहीं. 'द' च्या मागून आलेली जागा, शेवटचा 'एस', 'आर' च्या पुढचा 'इंग', ह्या खुणांवरून त्यानें ओळखिलें. ह्याच खुणा खऱ्या वाक्यांत पाहावयास शिकणें, ह्याचेंच नांव पार्ट्स ऑफ स्पीच शिकणें.

एखादा शब्द नाम वाटला तर त्याच्यापूर्वीं 'द' ठेवून पाहावें, अनेकवचन करून पाहावें. व्हर्ब वाटला तर वाक्य कालचें आहे अशी कल्पना करून शब्दाचें रूप बदलतें काय तें पाहावें. विशेषण असेल तर बहुधा त्याला 'द' आणि नाम ह्यांच्यामध्यें बसतां येतें. प्रिपोझिशन व कंजंक्शन ह्यांत घोटाळा वाटला तर पुढें काय आलें तें पाहावें : नुसतें नाम किंवा 'हिम', 'देम' असें रूप आलें तर प्रिपोझिशन, आणि कर्ता व क्रियापद धरून पुरतें वाक्य आलें तर कंजंक्शन. 'आफ्टर लंच' ह्यांत 'आफ्टर' प्रिपोझिशन आहे. 'आफ्टर ही लेफ्ट' ह्यांत कंजंक्शन. 'सून आफ्टर' ह्यांत पुढें कांहींच नाहीं, म्हणून ॲडव्हर्ब. (केंब्रिजहून २००२ सालीं निघालेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणांत ह्या तिन्ही ठिकाणीं 'आफ्टर' ला प्रिपोझिशनच मानिलें आहे, आणि त्याला कारणेंहि चांगलीं दिलीं आहेत. तथापि शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत तसें लिहिण्याचें धाडस करूं नये.)

येथवर जें सांगितलें तें केवळ रेघ ओढलेल्या शब्दासाठीं असतें तर त्यावर इतकीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. खरा प्रश्न लिहिण्या-बोलण्याचा आहे. मराठी विद्यार्थ्यांच्या निबंधांत ज्या चुका वर्षानुवर्षें येतात, त्यांतील बऱ्याचशा मराठींतील शब्दाचें काम जसेंच्या तसें इंग्रजींत नेल्यानें होतात.

'ती चांगली गाते' हें आपलें शुद्ध मराठी वाक्य. गंमत अशी कीं ह्यांतील 'चांगली' हा शब्द गाण्याविषयीं सांगतो, पण रूप घेतो गाणारीचें : तो चांगला गातो, ती चांगली गाते, तें चांगलें गातें. काम क्रियाविशेषणाचें आणि वेष विशेषणाचा ! मराठीचें हें औदार्य इंग्रजीला नाहीं. तेथें 'शी सिंग्ज गुड' असें लिहितां येत नाहीं; 'शी सिंग्ज वेल' असेंच लिहिलें पाहिजे. एवढें सांगितलें कीं हुशार विद्यार्थी दुसऱ्या खड्ड्यांत पडतो, आणि क्रियापदाच्या पुढें दिसेल तेथें '-ली' लावूं लागतो. 'द मँगो टेस्ट्स स्वीटली' हें त्याचें फळ. आंबा कांहीं गोड रीतीनें चव घेत बसलेला नाहीं. आंबाच गोड आहे. 'टेस्ट', 'लुक', 'स्मेल', 'सीम', 'बिकम' अशा क्रियापदांच्या पुढला शब्द पुष्कळदां कर्त्याविषयीं सांगतो, म्हणून तेथें विशेषण हवें : 'द मँगो टेस्ट्स स्वीट'. शिवाय '-ली' ह्या शेपटीवर आंधळा भरंवसा ठेवूं नये. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कावर्डली' हीं विशेषणें आहेत. आणि एखाद्या उमेदवाराच्या शिफारसपत्रांत 'ही वर्क्स हार्ड' ह्याच्या ऐवजीं 'ही हार्डली वर्क्स' असें पडलें, तर त्या बिचाऱ्याची नोकरी गेलीच म्हणून समजावें. कारण पहिल्याचा अर्थ तो कष्ट करितो, आणि दुसऱ्याचा अर्थ तो क्वचितच काम करितो.

'हा माझा भाऊ', 'तें तुझें पुस्तक' असें आपण सहज म्हणतों. दर्शक शब्द आणि स्वामित्वाचा शब्द मराठींत एकाच नामाच्या आधीं शेजारीं-शेजारीं बसतात. म्हणून आपला विद्यार्थी 'दिस माय बुक इज न्यू' असें लिहितो. जुन्या पुस्तकांनीं 'दिस', 'माय', 'द', 'एनी' ह्या सर्वांना विशेषणांतच गणिलें होतें, त्यामुळें ही चूक कां हें समजावून सांगणें कठीण जाई. विशेषणें तर कितीहि एकापुढें एक येतात : 'अ बिग ओल्ड ब्लॅक डॉग'. मग 'दिस माय' कां नको ? आजचीं व्याकरणें ह्या शब्दांचा 'डिटर्मायनर' नांवाचा वेगळा वर्ग करितात, आणि तो करण्याचें कारण हेंच कीं 'दिस', 'माय', 'द' ह्यांची जागा एका नामापुढें एकच असते. एक बसला कीं दुसऱ्यानें उभें राहावयाचें. दोन्ही अर्थ हवे असतील तर इंग्रज मनुष्य दुसऱ्यास नामाच्या मागें नेतो : 'दिस बुक ऑफ माइन'. माझ्या मतें शाळेच्या पुस्तकांत जो बदल व्हावयास हवा होता व झाला, त्यांत हा सर्वांत उपयोगी.

शब्दयोगी अव्ययांचा तिसरा प्रकार. त्यांचें इंग्रजी नांव प्रिपोझिशन म्हणजे पुढें ठेवलेला. आपला शब्दयोगी नामाच्या मागें चिकटतो. 'टेबलावर' आणि 'ऑन द टेबल' ह्यांतील हा जागेचा फरक मुलें लवकर शिकतात. अडचण आहे ती निराळी. मराठींत 'मी त्याला विचारलें' म्हणावें लागतें, म्हणून 'आय आस्क्ड टु हिम' लिहिलें जातें. 'खोलींत शिरला' म्हणून 'एंटर्ड इन द रूम'. 'त्याच्याशीं लग्न केलें' म्हणून 'मॅरीड विथ हिम'. 'त्याविषयीं चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट'. ह्या चारहि ठिकाणीं इंग्रजी क्रियापद आपलें कर्म स्वतःच्या हातानें धरितें, त्याला मध्यस्थ लागत नाहीं : 'आस्क्ड हिम', 'एंटर्ड द रूम', 'मॅरीड हिम', 'डिस्कस्ड इट'. ह्याला एकच नियम नाहीं. क्रियापद शिकतांनाच त्याच्यामागें प्रिपोझिशन येतें कीं नाहीं तें शिकावें.

एका ठिकाणीं मात्र मराठीच आपला गुरु होते, आणि तिचा उपयोग करून घेण्याचें कोणाला फारसें सुचत नाहीं. 'इंग' हा प्रत्यय लागलेला शब्द कधीं जेरंड म्हणजे धातुसाधित नाम असतो, कधीं पार्टिसिपल म्हणजे धातुसाधित विशेषण असतो. इंग्रजींत दोहोंचें रूप एकच. 'ड्रिंकिंग वॉटर' आणि 'रनिंग वॉटर' हे दोन शब्द शेजारीं ठेवा. दिसावयास जुळे भाऊ. आतां त्यांचें मराठी करा : 'पिण्याचें पाणी' आणि 'वाहतें पाणी'. मराठींत '-ण्याचा', '-ण्यासाठीं' आलें कीं तें जेरंड. '-ता', '-णारा', '-लेला' आलें कीं तें पार्टिसिपल. 'वॉकिंग स्टिक' म्हणजे चालण्याची काठी, चालणारी काठी नव्हे. 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपण्याची पिशवी. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेलें मूल. इंग्लंडांतील मुलाला जें तर्कानें शोधावें लागतें तें आपल्या मुलाला मातृभाषेनें हातांत आणून दिलें आहे.

'दॅट' ह्या शब्दाचेंहि असेंच आहे. शिक्षक लोक मुलांना कोड्यांत टाकण्यासाठीं पांच 'दॅट' ओळीनें येतील असें वाक्य घालतात : 'आय सेड दॅट दॅट दॅट दॅट दॅट बॉय रोट वॉज नीडलेस.' एकदां वाचून डोकें गरगरतें. पण मराठी केलें कीं गांठी आपोआप सुटतात : 'मी म्हणालों कीं, त्या मुलानें जो लिहिला तो दॅट अनावश्यक होता.' पहिला 'दॅट' म्हणजे आपला 'कीं', कंजंक्शन, दुसरा 'तो', तिसरा खुद्द वहींत लिहिलेला शब्द, म्हणून नाम, चवथा 'जो', संबंधी सर्वनाम, पांचवा 'त्या'. मराठीनें चार कामांना चार माणसें नेमिलीं आहेत. इंग्रजीनें एकाच गड्याकडून तीं करून घेतलीं.

मग ह्या जाती नेमक्या आठच कां ? ह्या आंकड्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या विद्यापरंपरेंत डायोनिसिअस थ्रॅक्स नांवाचा ग्रीक पंडित होऊन गेला. त्याच्या नांवावर चालत आलेल्या लहानशा व्याकरणांत आठ भाग आहेत. पण ते आपले आठ नव्हेत. त्यांत विशेषण वेगळें नाहीं, तें नामांतच मोडतें. पार्टिसिपल व आर्टिकल हे स्वतंत्र आहेत. इंटरजेक्शनला स्थान नाहीं. रोमन लोकांनीं तें व्याकरण उचलिलें, पण लॅटिन भाषेंत आर्टिकल नाहीं. एक घर रिकामें पडलें, तेव्हां त्यांनीं क्रियाविशेषणांत दडलेलें इंटरजेक्शन बाहेर काढून तेथें बसविलें, आणि आठाचा आंकडा कायम राहिला ! इंग्रजी भाषेचें पहिलें छापील व्याकरण विल्यम बुलोकर ह्यानें १५८६ सालीं लिहिलें, तें ह्याच लॅटिन सांच्यावर. पुढें पार्टिसिपल क्रियापदांत गेलें, विशेषण नामांतून निघालें. १७९५ सालीं यॉर्क येथें लिंडले मरे ह्यानें जें व्याकरण प्रसिद्ध केलें व ज्यावर इंग्लंड-अमेरिकेच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांत तर आर्टिकल धरून नऊ जाती आहेत. मराठींत दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें. इंग्रजी वळणाची ही वाटणी आपल्याकडे रुळली ती मुख्यतः त्यांच्यापासून. त्यापूर्वीं आपल्या पूर्वजांचा हिशेब निराळाच होता. यास्काच्या निरुक्तांत नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार भाग आहेत. पाणिनि तर सुबन्त आणि तिङन्त ह्या दोन प्रकारच्या पदांवरच सर्व डोलारा उभारितो. संस्कृतांत शब्दाला कोणता प्रत्यय लागला हें पाहिलें कीं काम भागतें, म्हणून तेथें दोन पुरले.

आठ हा आंकडा आकाशांतून पडलेला नाहीं, हें ह्यावरून दिसेल. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे चार्ल्स फ्राइस ह्यांनीं तर तो साफ बाजूस ठेविला. सुमारें पन्नास तासांचीं टेलिफोनवरील खरीं संभाषणें ध्वनिमुद्रित करून, वाक्याच्या कोणत्या जागीं कोणते शब्द बसूं शकतात एवढेंच त्यांनीं तपासिलें. १९५२ सालच्या त्यांच्या ग्रंथांत नाउन, व्हर्ब हीं नांवें टाकून पहिला, दुसरा, तिसरा, चवथा असे चार मोठे वर्ग व किरकोळ शब्दांचे पंधरा गट मांडिले आहेत. मला विचाराल तर जुनीं नांवें टाकण्याचें कारण नाहीं. तीं कोशांत आहेत, प्रश्नपत्रिकेंत आहेत, आणि मराठी नांवांशीं त्यांची सोयरीक जुळलेली आहे. मात्र नांव जुनें ठेवून पारख फ्राइसच्या रीतीनें, म्हणजे जागेवरून करावी.

कोशाचा उल्लेख आला म्हणून सांगतों. कोशांत शब्दापुढें बारीक अक्षरांत 'एन', 'व्ही', 'ॲड्ज' अशा खुणा असतात. नव्वद टक्के विद्यार्थी त्यांच्यावरून उडी मारून पहिला अर्थ उचलतात असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण फार मोठी होणार नाहीं. 'शी कुड नॉट बेअर द नॉइज' ह्यांत 'बेअर' चा पहिला अर्थ अस्वल मिळाला कीं वाक्याचें वन होतें. 'कुड नॉट' च्या पुढें नाम बसत नाहीं, हें आधीं पाहिलें असतें तर डोळा थेट क्रियापदाच्या अर्थावर गेला असता : तिला तो गोंगाट सोसवेना. 'द सेलर्स मॅन्ड द बोट्स' ह्यांत माणूस नाहीं, माणसें नेमणें आहे. अर्थ शोधण्यापूर्वीं काम ठरवावें, मग कोश उघडावा; वेळहि वांचतो.

उच्चारसुद्धां ह्याच्यावर अवलंबून आहे. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' हे शब्द नाम असतां जोर पहिल्या अवयवावर येतो, क्रियापद असतां दुसऱ्यावर. 'यूस' हें नाम आणि 'यूझ' हें क्रियापद, लिहिण्यांत दोन्ही सारखीं. 'ॲडव्हाइस' व 'ॲडव्हाइझ' ह्यांत तर लेखनहि बदलतें. मोठ्यानें वाचावयास उभा राहिलेला विद्यार्थी वाक्य समजून वाचतो कीं नुसतीं अक्षरें वाचतो, तें अशा एका शब्दावरून शिक्षकाला कळून चुकतें.

सुटींत करण्यासाठीं थोडा अभ्यास देतों. 'वेल' हा शब्द पुढील पांच वाक्यांत पांच निरनिराळीं कामें करितो. तीं ओळखून, कोणत्या खुणेवरून ओळखिलीं तें प्रत्येकीपुढें लिहावें. 'द वेल इज डीप.' 'शी इज वेल नाउ.' 'शी सिंग्ज वेल.' 'वेल, लेट अस गो.' 'टिअर्स वेल्ड अप इन हिज आइज.' नंतर 'बट' घ्यावा : 'शी केम, बट ही डिड नॉट.' 'ही इज बट अ चाइल्ड.' 'एव्हरीवन लेफ्ट बट हिम.' आणि शेवटच्या वाक्यांत 'ही' न येतां 'हिम' कां आलें, तेंहि एका ओळींत लिहावें.